लेकींचे आकाश

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीतील महिला वैमानिक कारखान्यांतील नवी विमाने हवाईतळांवर पोहोचवीत. लढण्याची मुभा मात्र त्यांना नव्हती. सोव्हिएत संघात मारिना रास्कोवा यांच्या प्रयत्नांतून १९४१ मध्ये तीन महिला-रेजिमेंटांची उभारणी सुरू झाली. त्यांपैकी एकीने लाकूड-कापडाच्या पो-२ विमानांतून रात्रीच्या अंधारात बाँबफेक केली.

स्वतः विमान चालविणाऱ्या एलिझाबेथ वीन यांनी ब्रिटिश वैमानिकेवर ‘कोड नेम व्हेरिटी’ (२०१२) ही कुमारांसाठीची कादंबरी लिहिली. सोव्हिएत भगिनींचा इतिहास ‘अ थाउजंड सिस्टर्स’मध्ये (२०१९) मांडला. त्या शाळाशाळांतून विद्यार्थ्यांशी संवादही साधतात. कल्पित नायिकेने जागविलेले कुतूहल खऱ्या स्त्रियांपर्यंत नेण्यास शाळेइतकी योग्य जागा नाही; पाठ्यपुस्तकात न मावलेला इतिहास पुढच्या पिढीच्या स्वाधीन होतो, तो तिथेच.