शिल्लक कुणाची? निजामाचे अर्थमंत्री आणि अजिंठ्याचा मुलूख

जळगावहून अजिंठ्याला जाताना पहूर मागे पडतं आणि थोड्या वेळात फर्दापूर येतं. आज या रस्त्यावर फक्त जिल्हा बदलतो. शंभर वर्षांपूर्वी इथे जवळजवळ देश बदलायचा.

पहूरच्या बाजूला ब्रिटिशांचा खानदेश होता आणि तिथे चालायचा कल्दार रुपया. फर्दापूरपासून निजामाचा मुलूख लागायचा. तिथला रुपया वेगळा, चारमिनारचं चित्र असलेला. त्याला लोक हाली सिक्का म्हणायचे. 100 कल्दार रुपये हवे असतील तर सरकारी दराने 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजावे लागत. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाचं जकात खातं. 1802 च्या व्यापारी तहापासून या जकातीचा दर साधारण 5 टक्के ठरलेला. बाहेरून आलेल्या कापडावर जकात होती, तशीच मुलखाबाहेर जाणाऱ्या कापसावरही. आर्थिक वर्षसुद्धा वेगळं. ते फसली सनाप्रमाणे ऑक्टोबरात, आजूर महिन्यात सुरू व्हायचं. घरात जुनी महसुली कागदपत्रं असतील तर त्यांवर 1340, 1350 असे आकडे दिसतील. त्यांत 590 मिळवले की आपलं साल मिळतं.

गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या आंदोलनामुळे 'हैदराबाद गॅझेट' हे शब्द मराठवाड्यात घरोघरी पोचले. आपले पणजोबा त्या दप्तरात कोण म्हणून नोंदले गेले, हे लोक शोधू लागले. त्याच दप्तराचा दुसरा भाग मात्र फारसा कुणी उघडत नाही. पणजोबांनी भरलेल्या साऱ्याचं पुढे काय झालं? तो पैसा कुठे खर्च करायचा, हे कोण ठरवत होतं?

गुत्तेदारांचं राज्य

अजिंठ्याचा डोंगर निजामाकडे कायमचा आला तो एका लढाईमुळे. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला इंग्रजांनी शिंद्यांचा पराभव केला. त्यानंतरच्या तहात अजिंठ्याच्या रांगेपासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख गेला आणि इंग्रजांनी तो आपल्या मित्राला, म्हणजे निजामाला दिला. 16 वर्षांनी, 1819 मध्ये, जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघुर नदीच्या दरीत शिकारीला गेला आणि त्याला लेणी दिसली. जगाच्या दृष्टीने अजिंठ्याचा इतिहास इथे पुन्हा सुरू होतो. आजूबाजूच्या गावांसाठी मात्र तो काळ वेगळ्याच गोष्टीचा होता. तो वसुलीचा काळ होता.

हैदराबादच्या तिजोरीत तेव्हा खडखडाट असायचा. सरकार सावकारांकडून कर्ज घ्यायचं आणि फेडण्यासाठी एकेका भागाची वसुली मक्त्याने देऊन टाकायचं. हे मक्तेदार म्हणजे गुत्तेदार. सरकारला ठरलेली रक्कम आगाऊ दिली की शेतकऱ्याकडून किती काढायचं हा त्यांचा प्रश्न. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना आवाजात किंचित अविश्वास असतो. त्याला दीडशे-दोनशे वर्षांचा अनुभव कारण असावा.

1853 मध्ये कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. त्याच वर्षी चोवीस वर्षांचे सालारजंग दिवाण झाले. त्यांना अर्थमंत्री म्हणत नसत, पण हैदराबादचा पहिला खरा अर्थमंत्री म्हणायचा तर तेच. त्यांनी गुत्तेदारी मोडली आणि पगारी अधिकारी नेमले. 1865 मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याची जिल्हे आणि तालुक्यांत मांडणी केली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यात जमिनीची मोजणी सुरू झाली. सारा आता शेताच्या मापावर ठरू लागला. शेतकऱ्यावरचा बोजा संपला नाही, पण तो किती आहे हे निदान कागदावर आलं.

एक मोठी गोष्ट मात्र सालारजंगांनाही हलवता आली नाही. राज्याचा सुमारे 40 टक्के मुलूख सरकारी तिजोरीच्या बाहेरच होता. त्यात जहागिरी होत्या, पायगा होत्या आणि 'सर्फ-ए-खास' होता. सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. तिथला सारा थेट त्याच्या खिशात. 1937 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने सातव्या निजामाला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं, त्या श्रीमंतीत या साऱ्याचाही वाटा होता.

हिशेबनीस

1899-1900 चा दुष्काळ मराठवाड्यावर फार वाईट कोसळला. त्यानंतर 1901 मध्ये जॉर्ज कॅसन वॉकर हे ब्रिटिश अधिकारी हैदराबादच्या अर्थखात्यावर आले. चारमिनारचा छाप असलेला, यंत्रावर पाडलेला रुपया त्यांच्याच काळातला. पण ज्या माणसाने हैदराबादच्या तिजोरीला शिस्त लावली, तो 1905 मध्ये आला. अकबर हैदरी. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यातले, ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्यात तयार झालेले. हैदराबादेत महालेखापाल, मग अर्थसचिव, गृहसचिव आणि 1921 पासून अर्थमंत्री. ते या पदावर सोळा वर्षं होते. 1937 मध्ये ते सद्र-ए-आजम, म्हणजे पंतप्रधान झाले.

हैदरींचं सर्वांत गाजलेलं काम दिसायला अगदी रुक्ष आहे. 1922 मध्ये त्यांनी अर्थसंकल्पाची रचना बदलली. प्रत्येक खात्याला एकदम तीन वर्षांसाठी ठरावीक रक्कम द्यायची. वाचलेले पैसे वर्ष संपताच परत घ्यायचे नाहीत, ते खात्याकडेच राहू द्यायचे. मार्च महिन्यात सरकारी कार्यालयांत खर्च उरकण्याची जी धांदल उडते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातलं शहाणपण लगेच कळेल. शिवाय चांगल्या वर्षात राखीव निधी बाजूला काढायचा, म्हणजे दुष्काळात कर्ज काढावं लागत नाही.

या शिस्तीतून पैसा उभा राहिला. खासगी कंपनीकडे असलेली निजामाची रेल्वे 1930 मध्ये राज्याने विकत घेतली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादला जाणारी लाइन त्यातलीच. 1932 मध्ये रेल्वेने स्वतःच्या प्रवासी बस सुरू केल्या. 1929 मध्ये उद्योगांसाठी वेगळा निधी काढला आणि कारखान्यांत सरकारी भांडवल गेलं. पुढे 1942 मध्ये हैदराबाद स्टेट बँक सुरू झाली. 2017 मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन होईपर्यंत मराठवाड्यातल्या कित्येक घरांत पासबुक असायचं ते याच बँकेचं, एसबीएचचं.

लेण्यांचा खर्च

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणं कोरवून दान दिलं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे अजिंठ्याशी राज्याच्या मंत्र्यांचा संबंध पाचव्या शतकापासूनचा. हरिषेणाच्या मृत्यूनंतर पाठबळ आटलं आणि काही लेणी अर्धवट राहिली, असं अभ्यासक मानतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही चित्रं झपाट्याने खराब होत होती. हैदराबादेत 1914 मध्ये पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. हैदरी अजिंठ्याचे भक्त होते आणि तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्या हाती यायच्या होत्या. 1920 मध्ये इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, त्यामुळे पुष्कळ चित्रं वाचली. त्यांनी वर दिलेला लाखेचा थर मात्र पुढे पिवळा पडत गेला आणि तो काढण्यात नंतरच्या पिढ्यांची वर्षं गेली. 1930 पासून यझदानींनी अजिंठ्याच्या चित्रांचे भव्य खंड काढले. चौथा आणि शेवटचा खंड 1955 मध्ये आला, तेव्हा निजामाची सत्ता जाऊन सात वर्षं झाली होती.

एका मुस्लिम राजाच्या राज्यात, एका बोहरा अर्थमंत्र्याने, बौद्ध लेण्यांसाठी सरकारी पैसा सोडला. ही गोष्ट आज मुद्दाम सांगण्यासारखी आहे आणि ती कमी लेखायचं कारण नाही.

आणि लेण्यांखालची गावं

पण तोच अर्थसंकल्प सिल्लोड, सोयगाव, भोकरदनच्या बाजूने पाहिला तर?

तिथल्या शेतकऱ्याची भाषा मराठी. सरकारी कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. 1918 मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक, कायदा शिकवण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता आणि त्यामागची योजनाही हैदरींचीच. मात्र ती भाषा राज्यातल्या बहुसंख्यांची नव्हती. तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणाऱ्यांच्या साऱ्यातून ते विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच्या दारात त्यांच्याच मुलांना आधी दुसरी भाषा शिकावी लागली. उद्योगांचंही काहीसं तसंच. साखर कारखाना बोधनला, कागदाची गिरणी सिरपूरला, आझमजाही कापड गिरणी वरंगळला. सगळी ठिकाणं तेलंगणातली. मराठवाड्यात ठळक नाव एक, नांदेडची उस्मानशाही मिल.

यावर सभागृहात प्रश्न विचारता आला असता, पण तसं सभागृहच नव्हतं. कायदेमंडळ होतं, ते मुख्यतः अधिकाऱ्यांचं आणि नेमलेल्या माणसांचं. एखाद्या खर्चाला नकार देण्याचा अधिकार तिथे कुणाला नव्हता. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. मातृभाषेतून शिक्षण आणि जबाबदार राज्यपद्धती या तिच्या मागण्या होत्या. 1938 मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला आणि ते लोण उस्मानियात पोचलं. तेव्हा राज्याचे पंतप्रधान कोण होते? अकबर हैदरीच. भिंतीवरचा बोधिसत्त्व जपणारे आणि हिशेब मागणाऱ्यांवर बंदी घालणाऱ्या सरकारचे प्रमुख एकच होते. त्यांना फक्त उदार किंवा फक्त दडपशहा म्हणून मोकळं होता येत नाही ते यामुळे.

हैदरी जानेवारी 1942 मध्ये वारले. नंतरच्या अर्थमंत्र्यांची नावं वाचताना इतिहास कुठे वळतोय ते दिसतं. गुलाम मोहम्मद हैदराबादचे अर्थमंत्री होते, पुढे ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि मग गव्हर्नर जनरल झाले. झाहिद हुसेन हेही हैदराबादचे अर्थमंत्री, पुढे पाकिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर.

शेवटचे मोईन नवाझ जंग. अर्थ आणि परराष्ट्र, दोन्ही खाती त्यांच्याकडे. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, त्याच दिवसांत लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या हैदराबाद सरकारच्या खात्यातून 10,07,940 पौंड पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावावर गेले. काही दिवसांतच निजामाने कळवलं की याला आपली संमती नव्हती. बँकेने पैसे गोठवले. खटला चालू राहिला, पक्षकार वारले, व्याज वाढत राहिलं. 2 ऑक्टोबर 2019 रोजी लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला तेव्हा रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. ती भारत सरकार आणि निजामाच्या वारसांच्या बाजूला गेली.

वीस वर्षं खपून हैदरींनी जी शिल्लक जमवली, तिचा एक तुकडा एका सहीने देशाबाहेर जाऊ शकला. हिशेब चोख असणं आणि हिशेब मागता येणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हैदराबादकडे पहिली होती, दुसरी नव्हती.

नंतरची गोष्ट

1949 मध्ये सर्फ-ए-खास सरकारी तिजोरीत जमा झाला आणि जहागिरी संपल्या. 1 एप्रिल 1950 पासून राज्याचं अर्थकारण भारताशी जोडलं गेलं. हाली सिक्का काही वर्षं भारतीय रुपयाच्या जोडीने चालत राहिला आणि 1959 मध्ये पूर्ण बंद झाला. 1952 च्या निवडणुकीनंतर डॉ. जी. एस. मेलकोटे अर्थमंत्री झाले. आता समोर मराठवाड्यातून निवडून आलेले आमदार बसलेले होते.

1920 मध्ये, हैदरी अर्थमंत्री होण्याच्या एक वर्ष आधी, पैठणला शंकरराव चव्हाणांचा जन्म झाला. ते त्याच उस्मानियात कायदा शिकले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि 1988 मध्ये देशाचे अर्थमंत्री. फेब्रुवारी 1989 मध्ये त्यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडला. निजामाच्या मुलखात जन्मलेला माणूस आता देशाचा हिशेब देत होता आणि समोरचे खासदार त्याला अडवू शकत होते.

म्हणून मराठवाड्याचे प्रश्न सुटले असं नाही. 1953 च्या नागपूर करारात या भागाला न्याय्य वाटा कबूल झाला होता. 1984 मध्ये दांडेकर समितीने राज्याचा विकासाचा अनुशेष मोजला, तो 3,186 कोटी रुपये निघाला आणि त्यात मराठवाड्याचा हिस्सा मोठा होता. 1994 मध्ये मराठवाडा वैधानिक विकास मंडळ आलं. त्याची मुदत 2020 मध्ये संपली, तेव्हा रस्त्यावर फारसं कुणी आलं नाही.

अर्थमंत्र्यांचा इतिहास बहुतेक वेळा कर, तूट आणि योजनांच्या नावांनी लिहिला जातो. हैदराबादचा इतिहास वाचताना त्यात आणखी एक रकाना घालावासा वाटतो: हा हिशेब कुणापुढे मांडला गेला? हैदरींच्या वहीत बेरजेची चूक सापडणं अवघड आहे, पण सिल्लोडच्या शेतकऱ्यापुढे ती वही कधी उघडली गेली नाही. राज्याचा अर्थसंकल्प आज आपल्या फोनवर फुकट उघडतो, जिल्ह्याच्या नावासकट. त्यात आपल्या तालुक्याची ओळ शोधायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मिळवायला इथल्या माणसांना 1952 साल उजाडावं लागलं.