गर्भिणीची अबोल व्यथा

प्रसूतिशास्त्राचा इतिहास सांगताना अडलेली बाळंतीण, दाईचे कौशल्य, शस्त्रवैद्याचे चिमटे आणि सूतिकाज्वरावर मिळविलेला विजय यांचे वर्णन सविस्तर केले जाते. परंतु प्रसूतीपूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत असंख्य स्त्रियांनी मुकाट्याने सोसलेल्या एका व्यथेला त्या इतिहासात क्वचितच जागा मिळते. मलावरोध आणि त्याच्या पाठोपाठ येणारी मूळव्याध ही ती व्यथा होय. तिने सहसा प्राण जात नाहीत, म्हणून ती क्षुल्लक मानली गेली. तिचा उच्चार लाजिरवाणा वाटतो, म्हणून ती अबोल राहिली. प्राचीन भारतीय वैद्यांनी मात्र तिला क्षुल्लकही मानले नाही आणि तिच्याविषयी बोलण्याचा संकोचही केला नाही.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजचे रूप लाभलेल्या चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भिणीच्या दिनचर्येचा विचार आला आहे. गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींच्या यादीत अतिश्रम आणि अपुरा आहार यांच्याबरोबरच मलमूत्राचे वेग दाबून धरणे ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली आहे. काठोकाठ भरलेले तेलाचे पात्र जसे न हिंदकळता न्यावे, तसे गर्भवतीला जपावे, असा दृष्टान्तही तेथेच येतो. या दृष्टान्तामागे औषधोपचाराचा एक निश्चित नियम आहे. गर्भिणीचे रोग सौम्य, मधुर व शीतल औषधांनीच बरे करावेत. वमन, विरेचन यांसारखे तीव्र उपाय टाळावेत, आणि आठव्या महिन्यानंतरही ते केवळ निकडीच्या प्रसंगी, मृदू स्वरूपातच योजावेत, अशी ती मर्यादा आहे.

आठव्या महिन्यात मल आणि वायू कोंडून राहिल्यास काय करावे, याचाही विचार चरकाने केला आहे. प्रथम स्नेहाचा, म्हणजे तेलातुपाचा बस्ती विचारात घ्यावा. तेवढ्याने भागणार नसेल तर दुधात सिद्ध केलेल्या वनस्पतींचा निरूह बस्ती द्यावा. या अवरोधाची उपेक्षा केली तर गर्भाच्या, प्रसंगी मातेच्याही जिवावर बेतते, असा इशारा तेथे आहे. सुश्रुतसंहितेतही आठव्या महिन्यात बोरांच्या काढ्यात दूध, तेल, सैंधव, मध आणि तूप इत्यादी मिसळून बस्ती देण्याचा विधी सांगितला आहे. जुना मल निघून जावा आणि वायूची गती सरळ व्हावी, हा त्याचा हेतू. सुश्रुताने मूळव्याधीची गणना आठ महागदांत केली आणि तिच्यावर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले. ग्रीसमध्येही हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात मूळव्याधीवर एक स्वतंत्र प्रकरण असून त्यात डाग देण्याची क्रिया वर्णिली आहे.

ग्रंथांत हे ज्ञान असले, तरी सामान्य घरात बाळंतपणाचा कारभार वडीलधाऱ्या बायका आणि सुईण यांच्या हाती होता. दुधातुपाचा घोट, भिजविलेल्या मनुका, अंजीर यांचा उपयोग अनुभवाने माहीत होता. त्याचबरोबर एरंडेलासारखे रेचकही सर्रास दिले जाई. त्याने गर्भाशय उत्तेजित होऊन वेळेपूर्वी कळा सुरू होण्याचा धोका असल्यामुळे आजचे वैद्यक गर्भारपणात ते वर्ज्य मानते. सासुरवाशीण आपले दुखणे कोणाला सांगणार, हा प्रश्न त्याहून बिकट होता. पुरुष वैद्यापुढे ही गोष्ट उच्चारणे तिला अशक्यप्राय वाटे.

स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी, या मागणीचे मर्म येथे लक्षात येते. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. वयाच्या चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि अवघ्या दहा दिवसांत अपत्यवियोग सोसलेल्या या विदुषीने परदेशात जाऊन हाच विषय निवडावा, यातील अर्थ उघड आहे. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले आणि ते कार्य सुरू होण्यापूर्वीच थांबले. त्यांच्या पदवीच्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले होते.

या व्यथेची कारणमीमांसा विसाव्या शतकात स्पष्ट झाली. १९३४ मध्ये प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. गर्भाचे रक्षण करणारे हेच द्रव्य आतड्यांचे स्नायूही शिथिल करते. त्यामुळे मल पुढे सरकण्यास विलंब लागतो, मोठे आतडे त्यातील पाणी अधिक शोषून घेते आणि तो कठीण होतो. शेवटच्या महिन्यांत वाढलेल्या गर्भाशयाचा भार ओटीपोटातील शिरांवर पडतो. शरीरातील रक्तही ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते. अशा स्थितीत कुंथावे लागले की गुदद्वारापाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकतात. मूळव्याध म्हणजे शिरांच्या गाठी ही जुनी समजूत १९७५ मधील संशोधनाने मागे पडली. या गाद्या मूळच्याच असून त्यांचे स्थानभ्रष्ट होणे हा रोग, असे आता मानले जाते. युगांडात काम केलेले शस्त्रवैद्य डेनिस बर्किट यांनी १९७० नंतरच्या दशकात कोंडायुक्त आहाराचे महत्त्व जगापुढे मांडले. जात्यावरच्या पिठाची भाकरी खाणाऱ्या समाजाला ती गोष्ट व्यवहाराने ठाऊक होती.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. रक्तक्षय टाळण्यासाठी १९७० पासून गर्भिणींना लोहाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात रोज ६० मिलिग्रॅम लोह किमान १८० दिवस देण्याची योजना आहे. या गोळ्यांनी मल काळा होतो आणि अनेकींना मलावरोध वाढतो. हे आधी सांगितले नाही, तर स्त्री घाबरते आणि गोळ्या निमूटपणे बंद करते. मग रक्तक्षय तसाच राहतो. त्यात मूळव्याधीचा रक्तस्राव असेल तर तो वाढतो. गोळी घरोघर पोहोचविणाऱ्या यंत्रणेने हे चार शब्दही पोहोचविणे म्हणूनच आवश्यक आहे.

दुसरे कारण वैद्यकाच्या कक्षेबाहेरचे आहे. घरी शौचालय नसलेल्या स्त्रिया पहाटेच्या किंवा रात्रीच्या अंधाराची वाट पाहत. बाहेर जावे लागू नये म्हणून त्या पाणी कमी पीत आणि वेग दाबून धरीत. चरकाने निषिद्ध ठरविलेली गोष्ट समाजाने त्यांच्यावर लादली होती. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेत कोट्यवधी शौचालये बांधली गेली. गर्भिणीच्या आरोग्याच्या दृष्टीने त्या चार भिंतींचे मोल औषधाहून कमी नाही; मात्र तेथे पाणी हवे आणि दार लागले पाहिजे.

उपचारांच्या बाबतीत नवे वैद्यक जुन्या सौम्यतेच्या नियमापाशीच आले आहे. भरपूर पाणी, भाज्या, फळे व कोंड्यासकट धान्य, हलकी चाल, वेग येताच शौचास जाणे, कुंथणे टाळणे, कोमट पाण्यात बसून शेक घेणे आणि डाव्या कुशीवर विश्रांती घेणे हे पहिले उपाय होत. त्यांनी न भागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल किंवा लॅक्ट्युलोज देतात. शस्त्रक्रिया शक्यतो प्रसूतीनंतरवर ढकलली जाते, कारण बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास आपोआप ओसरतो. कळा सुरू होताच प्रत्येकीला सरसकट एनिमा देण्याची रुग्णालयीन प्रथा मात्र जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये त्याज्य ठरविली. रक्त दिसल्यास ते मूळव्याधीचेच असेल असे घरच्या घरी ठरवू नये. ते योनिमार्गातून आलेले असू शकते, आणि तसे असल्यास विलंब घातक ठरतो.

येथेच अबोलपणाची खरी किंमत कळते. सांगण्याची लाज वाटल्याने साधे दुखणे बळावते आणि धोक्याची खूण नजरेआड होते. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या ऋषींनी शिष्यांपुढे हा विषय निःसंकोचपणे मांडला होता. आठव्या-नवव्या महिन्यातील लेकीसुनेला प्रकृतीची चौकशी करताना घरातल्या कोणी हा प्रश्नही सहजपणे विचारला, तर तिची अर्धी व्यथा तेथेच हलकी होईल.