घर सुटलेले मूल व समाजकार्याची विद्या

निराधारास दोन घास घालावेत, पांथस्थास ओसरी मोकळी करून द्यावी, हा धर्म आपल्या समाजास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. धर्मशाळा, अन्नछत्रे, अनाथाश्रम ही सर्व त्याच दयाबुद्धीची फळे होत. परंतु दया हा मनाचा गुण आहे, आणि समाजकार्य ही गुरूपाशी बसून शिकावी लागणारी विद्या आहे, हा भेद आपल्याकडे पुष्कळ उशिरा उमगला. ह्या विद्येचे महाराष्ट्रातील वय नव्वद वर्षांच्या आसपास आहे. तिच्या इतिहासातील एकच प्रकरण येथे पाहावयाचे आहे. ज्या मुलाच्या मनाचा ओढा स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीकडे असतो, किंवा जे मूल मुलगा म्हणून जन्मूनही स्वतःस मुलगी मानते, अथवा मुलगी म्हणून जन्मून स्वतःस मुलगा मानते, अशा मुलाकडे बालकल्याणाच्या शास्त्राने कोणत्या दृष्टीने पाहिले, आणि ती दृष्टी कोणी व कशी पालटली, हे ते प्रकरण होय. अशा व्यक्तींस आज समलिंगी व पारलिंगी असे म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात सरकारास मूल दिसे ते मुख्यत्वे गुन्हेगार म्हणून. १८५० च्या कायद्याने उनाड व अपराधी मुलांस धंदेशिक्षणासाठी बांधून देण्याची सोय केली. मुंबईत १८५७ पासून डेव्हिड ससून ह्यांच्या देणगीवर त्यांच्या नावाची सुधारशाळा चालू लागली. १८७६ व १८९७ ह्या सालांत सुधारशाळांचे कायदे झाले. ह्या सर्व खटपटीत एक हेतू स्पष्ट होता, तो असा की मुलास तुरुंगातील पोक्त गुन्हेगारांच्या संगतीतून वाचवावे. तो हेतू स्तुत्यच होता. परंतु 'ह्या मुलाने काय केले?' हाच प्रश्न तेथे प्रथम विचारला जाई. 'ह्या मुलास काय झाले?' हा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते.

ह्याच काळात दुसरीकडे दोन कायदे झाले आणि त्यांची छाया पुढे दीर्घकाळ पडली. १८६० च्या भारतीय दंडविधानात ३७७ वे कलम आले व समलिंगी संबंध हा अपराध ठरला. नंतर १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा दुसरा भाग हिजडा समाजासंबंधी करण्यात आला. तो उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांत अंमलात आला. त्यानुसार ज्यांची नोंद झाली आहे अशा व्यक्तीने सोळा वर्षांखालील मुलगा आपल्या घरी ठेवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होई, आणि मुलास तेथून काढून घेण्यात येई. मुले पळवून आणलेली असतात, असा सरकारचा ग्रह होता. एखादे मूल स्वतःच्या घरात थारा न मिळाल्यामुळेही त्या दारी आले असेल, ही शक्यता कायद्याने लक्षात घेतली नाही.

विसाव्या शतकात मात्र वारे पालटले. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यासाठी बालकांचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन होऊन उमरखाडीचे रिमांड होम व पुढे मानखुर्दच्या संस्था तिच्याकडे आल्या. नागपाड्याच्या चाळींतून अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट काम करीत होते. चांगल्या मनाच्या माणसांची वाण नाही, वाण आहे ती शिक्षित कार्यकर्त्यांची, हे त्यांनी पाहिले. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या द्रव्यसाहाय्याने १९३६ मध्ये नागपाड्यासच समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय उघडले व मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये ह्याच विद्यालयास टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले. १९५४ मध्ये ते देवनारला गेले आणि १९६४ मध्ये त्यास विद्यापीठाचा दर्जा लाभला.

ह्या विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शनाचे चिकित्सालय काढले. अभ्यासात मागे पडणारे, घरातून पळणारे, चोरी करणारे मूल तेथे आणले जाई. वैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता असे तिघे मिळून त्याचा विचार करीत. समाजकार्यकर्त्याने मुलाच्या घरी जावे, आईबाप, शेजारी व शिक्षक ह्यांस भेटावे, आणि त्या मुलाचे जग त्याच्याच डोळ्यांनी पाहून घ्यावे, अशी पद्धत होती. ह्या पद्धतीस व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात. तिचा पाया एका सूत्रावर आहे: आरोपापासून आरंभ करू नये, मुलापासून करावा.

सूत्र उत्तम होते. तथापि ज्या मुलाचे प्रकरण येथे पाहावयाचे आहे, त्याला मात्र ते पुष्कळ वर्षे लागू झाले नाही. त्याच्यापुरता जुनाच न्याय चालू राहिला, फक्त न्यायाधीशाच्या जागी वैद्य आला. जे पूर्वी पाप वा अपराध समजले जाई, त्यास आता विकृती अथवा रोग म्हणू लागले. मुलाच्या वागण्याची चौकशी होई आणि त्यास 'सुधारण्या'चा उपाय योजला जाई. त्यास काय वाटते, हे विचारण्याची आवश्यकता क्वचितच कोणास भासली असेल.

मराठीत हा प्रश्न उघड मांडण्याचे धाडस एका गणिताच्या प्राध्यापकाने केले. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील नोकरी सोडली व जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. त्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांस उत्तरे दिली जात. जे घरात, शाळेत वा मित्रमंडळीत विचारता येत नसे, ते लोक तेथे पत्राने विचारीत, आणि समलिंगी आकर्षणाचे प्रश्नही त्यांत असत. कर्वे त्यांस उपदेश न करता माहिती देत. ह्या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला कर्वे हरले व त्यांस दंड झाला. मासिक मात्र त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालू राहिले. त्यानंतर मराठी वाचकास असा प्रश्न विचारण्याची जागा दीर्घकाळ उरली नाही.

ती जागा अखेर विद्यापीठांनी नव्हे, तर ज्यांना हे दुःख सोसावे लागले त्यांनीच निर्माण केली. १९९४ मध्ये अशोक राव कवी ह्यांनी मुंबईत हमसफर ट्रस्टची स्थापना केली. १९९५ मध्ये स्त्रियांच्या 'स्त्री संगम' ह्या गटास आरंभ झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे ह्यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला व ह्या विषयावर मराठीतून पुस्तके लिहिली. गौरी सावंत ह्या पुण्यातील घर तरुण वयातच सोडून मुंबईस आल्या व पुढे 'सखी चार चौघी' ही संस्था त्यांनी उभी केली. जे मूल बालकल्याणाच्या खात्याने सांभाळावयाचे, ते असे परस्पर मुंबईच्या रस्त्यावर येई आणि आपल्यासारख्याच परक्यांच्या आधाराने जगे, हे ह्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

परदेशातही काही निराळे घडत नव्हते. न्यूयॉर्कमध्ये १९७९ च्या सुमारास पंधरा वर्षांच्या एका मुलास, तो समलिंगी आहे म्हणून, निवाऱ्याच्या संस्थेतच मारहाण करून बाहेर घालविण्यात आले. ती हकीकत ऐकून डॉ. एमरी हेट्रिक व प्राध्यापक डेमियन मार्टिन ह्यांनी अशा मुलांसाठी संस्था काढली. पुढे जेरल्ड मॅलन ह्या समाजकार्याच्या प्राध्यापकांनी सरकारी देखरेखीखाली वाढलेल्या अशा अनेक तरुणांच्या मुलाखती घेतल्या व १९९८ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. ह्या मुलांस एका घरातून दुसऱ्या घरी वारंवार हलविले जाई, सोबतची मुले छळीत आणि कर्मचारी त्याकडे काणाडोळा करीत. काहींना तर संस्थेपेक्षा रस्ता अधिक सुरक्षित वाटे. रक्षणासाठी बांधलेले घरच धोक्याचे ठरावे, ह्याहून त्या शास्त्राचा मोठा पराभव कोणता?

महाराष्ट्रात हेच काम विद्येच्या अंगाने ज्यांनी हाती घेतले, त्यांत के. रानडे ह्यांचे नाव ठळक आहे. पुण्यात मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम केल्यावर रानडे ह्यांनी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. त्यांच्या अभ्यासाचा क्रम विचार करण्यासारखा आहे. प्रथम त्यांनी रोग्याकडे न वळता वैद्याकडे दृष्टी वळविली. समलिंगी पुरुषांस 'पालटण्या'चे कोणते उपचार पश्चिम भारतातील डॉक्टर करतात, ह्याची पाहणी त्यांनी केली व ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यास जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच रोगांच्या यादीतून वगळले होते, त्यावर आपल्याकडे उपचार चालूच होते. नंतर २०१८ च्या ग्रंथात त्यांनी प्रौढ समलिंगी स्त्रीपुरुषांस त्यांचे बालपण विचारले. आपण इतरांहून निराळे आहोत हे प्रथम केव्हा जाणवले, कुटुंबाने काय केले, आधार कोठे मिळाला, असे ते प्रश्न होते. पुढे सहकाऱ्यांसमवेत त्यांनी समुपदेशकांसाठी मार्गदर्शक पुस्तकही सिद्ध केले.

'स्त्री संगम'च्या पुढील रूपाने, म्हणजे 'लेबिया' ह्या गटाने, याच सुमारास मुली म्हणून जन्मलेल्या पन्नास व्यक्तींच्या जीवनकथा अभ्यासिल्या. हा ग्रंथ २०१५ मध्ये निघाला. दोन्ही अभ्यासांचा निष्कर्ष एकाच दिशेस जातो. ह्या मुलांचे दुःख त्यांच्या स्वभावात नाही. ते घरातील धाकात, शाळेतील टिंगलीत आणि कोणाशीही न बोलता येण्यात आहे. दिसावयास ही गोष्ट लहान आहे, परंतु तिने शास्त्राची दिशा पालटते. रोग मुलात नसेल, तर उपचार मुलाच्या भोवतालच्या माणसांवर करावयास हवा. १९३७ च्या चिकित्सालयाने घालून दिलेले सूत्र अशा रीतीने ऐंशी वर्षांनी ह्या मुलापर्यंत पोहोचले.

कायदाही हळूहळू त्याच वाटेने आला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींचा स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ३७७ वे कलम गळून पडले. २०१९ च्या कायद्याने असे ठरविले की, केवळ पारलिंगी आहे म्हणून कोणत्याही मुलास आईबापांपासून तोडता येणार नाही. मुलाच्या हितासाठी न्यायालयाने हुकूम केला, तरच ते करता येईल. आणि कुटुंब सांभाळ करण्यास असमर्थ असेल, तर न्यायालयाने त्यास पुनर्वसन केंद्रात ठेवावे. १८७१ च्या कायद्याशी हा ताडून पाहिला म्हणजे केवढे अंतर कापले गेले ते ध्यानी येते.

परंतु कायद्याचे शब्द आणि मुलाची रात्र ह्यांमध्ये अजून मोठी दरी आहे. ती समजण्यासाठी मुंबईहून दूर, सातपुड्याच्या बाजूस जावे. नंदुरबार तालुक्यात रनाळे नावाचे गाव आहे. समजा, तेथील पंधरा वर्षांच्या मुलास, तो मुलीसारखा वागतो म्हणून, घरातून हाकलले. ते नंदुरबार स्थानकावर आले, तर उधना-जळगाव मार्गाची गाडी त्यास सुरतेकडेही नेईल आणि जळगावाकडेही. सुदैवाने ते पोलिसांच्या वा कार्यकर्त्यांच्या दृष्टीस पडले, तर २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्यास बालकल्याण समितीपुढे उभे करावे लागेल. अध्यक्ष व चार सभासद मिळून ही समिती होते. येथवर सर्व यथासांग आहे.

खरी अडचण पुढेच आहे. बालगृहे मुलांची निराळी व मुलींची निराळी. ह्या बालकास कोठे पाठवावे? पारलिंगी व्यक्तींसाठी सरकारने २०२० मध्ये 'गरिमा गृह' योजना काढली, पण ती अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी. परत घरी धाडावे, तर ज्या घराने हाकलले तेच ते घर. अशा वेळी कलमापेक्षा त्या पाच माणसांची समज अधिक मोलाची ठरते. त्यांनी 'हे असे का वागते?' असे विचारले, तर इतिहास दीडशे वर्षे मागे जाईल. 'ह्यास कोणी, कसे दुखविले? घरातील कोणी ह्याची बाजू घेईल काय?' असे विचारले, तर मावशी, आजी, एखादा शिक्षक असा कोणी तरी आधार हाती लागण्याचा संभव आहे.

ही समज उपजत नसते, ती शिकवावी लागते. आज तिच्यासंबंधीचे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत, आणि नंदुरबारच्या बाजूची मुले अहिराणी व भिल्ली बोलतात. मुंबईच्या वर्गात ज्यास शास्त्रीय नाव आहे, त्यास गावात बहुधा शिवीच तेवढी ठाऊक असते. म्हणून ह्या विद्येचे पुढील कार्य देवनारपेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी अधिक आहे. समितीचे सभासद, बालगृहाचे अधीक्षक, शाळामास्तर आणि अंगणवाडीची बाई ह्यांस त्यांच्या भाषेत हे सांगितले पाहिजे. कर्व्यांनी वाचकांच्या पत्रांस मराठीतून, न लाजता व न रागावता, उत्तरे दिली होती. तेच काम आता एका मासिकाऐवजी प्रत्येक जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने करावयाचे आहे.