हस्तनिर्मित शुभेच्छापत्र

हस्तनिर्मित शुभेच्छापत्र किंवा हस्तनिर्मित भेटकार्ड म्हणजे छापखान्यात एकगठ्ठा न छापता हाताने एकेक करून तयार केलेले शुभेच्छापत्र होय. घडी घातलेला जाड कागद, ठशाने उमटवलेले चित्र व मजकूर, हाताने भरलेले रंग, डायने (पात्याच्या साच्याने) कापलेले आकार आणि या सर्वांची एकावर एक केलेली मांडणी ही त्याची मुख्य अंगे आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया आदी देशांत आणि त्यानंतर भारतातही ही कला छंद तसेच लघुउद्योग म्हणून रुजली.

## स्वरूप

ठसा आणि डाय ही दोन्ही मुळात पुनरावृत्तीची साधने आहेत. एकच आकार पुन्हापुन्हा, सारखा मिळावा हाच त्यांचा हेतू असतो. त्यामुळे या कलेत ‘हस्तनिर्मित’ हे विशेषण साचा कोणी घडवला याला नव्हे, तर पत्र कोणी जुळवले याला लागू होते. ठशावर दिलेला दाब, शाईची निवड, रंगांच्या छटा, थरांचा क्रम, मोकळी सोडलेली जागा आणि आतील मजकूर हे निर्णय प्रत्येक पत्राच्या वेळी नव्याने घ्यावे लागतात. म्हणूनच एकाच ठशापासून केलेली दोन पत्रे तंतोतंत एकसारखी नसतात.

## इतिहास

### टपाल व छापील पत्रे

ब्रिटनमध्ये १८४० साली एक पेनी दराची टपालसेवा सुरू झाली आणि पत्रे पाठवणे सामान्यांच्या आवाक्यात आले. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून नाताळचे शुभेच्छापत्र करवून घेतले. व्यापारी तत्त्वावर विकले गेलेले हे पहिले नाताळपत्र मानले जाते. त्याच्या सुमारे एक हजार प्रती शिळाछापाने छापून हाताने रंगवल्या होत्या व एका प्रतीची किंमत एक शिलिंग होती. म्हणजे छापील शुभेच्छापत्राच्या आरंभीच यंत्राची रेषा आणि हाताचा रंग एकत्र आले होते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर गावी एस्थर हाउलंड यांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅलेंटाइन पत्रांचा व्यवसाय सुरू केला. कागदी लेस, रंगीत कागद आणि छापील फुले यांचे थर चिकटवण्याचे काम त्यांनी स्त्रियांमध्ये वाटून दिले होते. प्रत्येकीकडे एकच टप्पा असे व पत्र हातोहात पुढे सरकत असे. आजच्या बहुथरी शुभेच्छापत्राची मांडणी या पत्रांच्या बरीच जवळची आहे. याच शतकात, मुख्यतः जर्मनीत, उठावाची रंगीत चित्रे डायने कापून तावांच्या रूपात विकली जात. ही चित्रे वह्यांत व पत्रांवर चिकटवण्याचा छंद युरोपभर पसरला होता.

पुढे बोस्टनचे लुई प्रांग यांच्या बहुरंगी शिळाछापाने आणि विसाव्या शतकात हॉलमार्कसारख्या कंपन्यांनी तयार छापील पत्राला घरोघरी पोहोचवले. हाताने केलेले पत्र त्यानंतर प्रामुख्याने शाळेच्या वर्गात आणि घरगुती प्रसंगी उरले.

### कचेरी व कारखान्यातून छंदाकडे

चार्ल्स गुडइयर यांच्या व्हल्कनीकरणाच्या शोधामुळे (पेटंट, १८४४) रबर टिकाऊ झाले आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात रबरी शिक्के प्रचारात आले. दीर्घकाळ त्यांचा वापर कचेऱ्या, बँका व टपालखाते येथे होत राहिला. १९६० च्या दशकात टपालकलेच्या चळवळीतील कलावंतांनी हेच शिक्के चित्रनिर्मितीसाठी वापरले. पुढे अमेरिकेत चित्रांचे ठसे बनवणारे छोटे उद्योग उभे राहिले. १९८८ मध्ये स्थापन झालेली स्टॅम्पिन अप ही कंपनी त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

डायचा प्रवासही असाच आहे. पोलादी पात्याचा साचा दाबून चामडे कापण्याची रीत पादत्राणांच्या धंद्यात होती. नंतर खोकी व आवेष्टने बनवणाऱ्यांनी ती उचलली. कॅलिफोर्नियातील एलिसन या कंपनीने शिक्षकांना फलकांसाठी अक्षरे कापता यावीत म्हणून हाताने दाबायचे यंत्र शाळांना पुरवले. सिझिक्स या नावाने तिने पुढे घरगुती वापराचे लहान यंत्र आणले. २००० नंतर पातळ धातूच्या डाय स्वस्त झाल्या आणि हे तंत्र सर्वसामान्य छांदिष्टांच्या हाती आले.

## साहित्य व साधने

### कागद

पत्राच्या पायासाठी २५० ते ३०० जीएसएमचा कागद वापरतात. ए-५ आकाराचा कागद मध्यावर दुमडला की ए-६ आकाराचे (१०५ × १४८ मिमी) पत्र होते व ते सी-६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) बसते. कागदातील तंतूंना दिशा असते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिल्यास ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, ती तंतूंची दिशा समजावी. या दिशेला समांतर घातलेली घडी सरळ बसते. आडवी घडी फुटते व तिच्या कडेला पांढरे तंतू दिसू लागतात.

### ठसे

ठशांचे मुख्य प्रकार तीन आहेत: लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेला रबरी ठसा, ठोकळ्याविना मिळणारा चिकटपाठी रबरी ठसा आणि पारदर्शक फोटोपॉलिमरचा ठसा. पारदर्शक ठसा ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर तात्पुरता चिकटवून वापरतात. चित्र कोठे उमटेल हे त्यातून आरपार दिसते. तो उन्हात ठेवल्यास पिवळा पडतो. बिजागरीच्या झाकणाचा ठसाफलक वापरल्यास ठसा त्याच जागी पुन्हा दाबता येतो. फिकट आलेली छाप गडद करणे किंवा एकाच चित्राचे दोन-तीन रंगांतील थर अचूक जुळवणे त्यामुळे शक्य होते.

### शाई

* रंजक शाई कागदात लगेच मुरते व लवकर वाळते.
* रंगद्रव्य शाई पृष्ठभागावर राहते, उशिरा वाळते व गडद कागदावरही उठून दिसते.
* पारदर्शक चिकट शाई उठाव-भुकटी धरून ठेवण्यासाठी वापरतात. रंगीत कागदावर नुसती उमटवल्यास ती त्याच रंगाची गडद छटा देते.
* द्रावक शाई काच, धातू व प्लास्टिकवरही टिकते.

शाई आणि रंग यांचा मेळ बसणे महत्त्वाचे असते. कोपिकसारख्या अल्कोहोलयुक्त मार्करने रंगवायचे असल्यास अल्कोहोलने न फुटणारी शाई लागते. जलरंगांसाठी वाळल्यावर पाण्याने न पसरणारी शाई किंवा उठावाची रेषा निवडतात.

### डाय व दाबयंत्र

डाय दोन प्रकारच्या असतात. लाकूड व फोममध्ये बसवलेल्या जाड पात्याच्या डायने कापड, नमदा किंवा कागदाचे अनेक थर एकदम कापता येतात. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या धातूच्या पातळ डाय कागदासाठी असून त्यांत अतिशय नाजूक नक्षी मिळते. यंत्रात दोन रूळ व एक हातदांडा असतो. कापपट्टी, कागद, कडा कागदाकडे केलेली डाय आणि पुन्हा कापपट्टी असा थर रचून तो रुळांमधून फिरवला जातो. डायऐवजी नक्षीदार प्लास्टिकचा दुपाखी साचा घातल्यास कागद न कापता त्यावर उठाव येतो. संगणकाशी जोडलेली क्रिकटसारखी कापयंत्रे साच्याविना, आरेखनानुसार पाते फिरवून कापतात.

## कृती

१. कागद मापात कापून मध्यावर बोथट टोकाने रेघ दाबतात. दाबलेली खाच बाहेर व मागे आलेला उंचवटा घडीच्या आत राहील असे दुमडतात.

२. मुख्य चित्र वेगळ्या कागदावर उमटवतात. शाईची गादी ठशावर टिपतात, घासत नाहीत. ठसा सरळ खाली दाबून हलू न देता सरळ वर उचलतात.

३. उठाव हवा असल्यास आधी कागदावर स्थितिकविद्युतरोधी भुकटीची पुरचुंडी फिरवतात. मग चिकट शाईने ठसा मारून उठाव-भुकटी टाकतात, उरलेली झटकतात व तप्त हवेच्या साधनाने ती वितळवतात. केस वाळवण्याच्या यंत्राची उष्णता अपुरी पडते व त्याच्या झोताने भुकटी उडते.

४. चित्र रंगवून डायने कापतात. काठाभोवती समान पांढरी किनार राहावी म्हणून डाय चित्रावर ठेवून न डागणाऱ्या चिकटपट्टीने धरून ठेवतात.

५. सर्व तुकडे प्रथम न चिकटवता मांडून पाहतात. त्यानंतर पार्श्वभूमी डिंकाने आणि मुख्य चित्र फोमच्या दुहेरी चिकट चकत्यांनी बसवतात. एकच शब्द तीन-चार वेळा कापून थर एकमेकांवर चिकटवल्यास जाड, उठावदार अक्षरे मिळतात.

६. आतील मजकूर व मागील बाजूस करणाऱ्याचे नाव लिहून पत्र पूर्ण करतात.

## नेहमीचे दोष व उपाय

| दोष | कारण | उपाय |
|---|---|---|
| छाप तुटक येते | नवा ठसा तेलकट असणे, असमान दाब | ठसा खोडरबराने हलका घासणे, खाली मऊ गादी ठेवणे |
| भुकटीचे कण भलतीकडे चिकटतात | कागदातील ओल, बोटांचे तेल | आधी रोधी भुकटी फिरवणे, उरलेले कण कोरड्या कुंचल्याने काढणे |
| डाय पूर्ण कापत नाही | वाकलेली किंवा खोल खाचा पडलेली कापपट्टी | पट्टी उलटवणे, कागदाचा एक जादा थर घालणे |
| नाजूक आकार डायमध्ये अडकतो | बारीक नक्षीत तंतू रुतणे | डाय व कागद यांमध्ये मेणकागद घालणे |
| उठावाच्या साच्यात कागद फाटतो | कागद कोरडा असणे | कागदावर पाण्याचा हलका फवारा मारणे |

## देवनागरी अक्षरांचे प्रश्न

बाजारातील बहुतेक मजकुराचे ठसे व डाय रोमन लिपीतील असतात. मराठी मजकुरासाठी रबरी शिक्के बनवणाऱ्या स्थानिक कारागिराकडून ठसा करून घेणे, लिनो किंवा खोडरबर कोरणे अथवा संगणकीय कापयंत्र वापरणे हे पर्याय आहेत. हाताने कोरताना अक्षरे आरशातल्याप्रमाणे उलटी उतरवावी लागतात.

डायने शब्द कापताना देवनागरीला शिरोरेषेचा मोठा फायदा मिळतो. रोमन मुद्राक्षरे सुटी पडतात व एकेक करून चिकटवावी लागतात. देवनागरी शब्द मात्र शिरोरेषेमुळे बहुधा अखंड निघतो. त्याला अपवाद दोन आहेत. अनुस्वाराचा टिंब अक्षरापासून सुटा असल्याने ‘संक्रांत’ किंवा ‘अभिनंदन’ यांसारख्या शब्दांत तो गळून पडतो. तसेच थ, ध, भ या अक्षरांच्या डाव्या टोकावर शिरोरेषा नसते. त्यामुळे नेमक्या ‘शुभेच्छा’ या शब्दातच श व भ यांच्यामध्ये खंड पडतो. आरेखन करतानाच टिंब शिरोरेषेला टेकवल्यास आणि भ च्या गाठीला आधीच्या अक्षराशी जोडल्यास शब्द एकसंध राहतो.

## महाराष्ट्रातील परंपरा

शालेय शिक्षणातील कार्यानुभव व चित्रकला या विषयांतून भेटकार्ड बनवण्याची ओळख महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. भेंडीच्या आडव्या कापाने उमटणारे फूल, बटाट्यावर कोरलेला ठसा आणि शिरा उठून दिसणारे पानांचे छाप ही ठसेकामाची येथील घरगुती रूपे होत. अंगणात व उंबऱ्यावर रांगोळी काढण्यासाठी वापरले जाणारे छापही याच जातीचे आहेत.

दिवाळी व मकरसंक्रांत हे भेटकार्डांचे प्रमुख प्रसंग होते. संक्रांतीच्या पत्रासोबत हलव्याचे किंवा तिळगुळाचे चार दाणे पाकिटात घालून पाठवण्याची प्रथा होती. पुण्यात १९४० मध्ये ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून सुरू झालेल्या हातकागद संस्थेने चिंध्यांपासून हातकागद व त्याच्या वस्तू बनवण्याची परंपरा जपली. अशा कागदावर शाई पसरते, मात्र ठसठशीत रेषांचे ठसे त्यावर शोभून दिसतात. डायकटिंग व उठावाचे छापकाम मराठी वाचकांना लग्नपत्रिकांमुळे परिचित आहे.

१९८० व १९९० च्या दशकांत आर्चीजसारख्या कंपन्यांची छापील पत्रे शहरांतून लोकप्रिय झाली. मोबाइल संदेशांनी पुढे छापील पत्रांची जागा घेतली. दूरच्या प्रत्येकाला पत्र पाठवण्याची गरज संपल्याने पाठवल्या जाणाऱ्या पत्रांची संख्या घटली. मात्र जे पत्र आजही हाताने करून पाठवले जाते, ते सणाची औपचारिकता न राहता विशिष्ट व्यक्तीसाठी दिलेल्या वेळेची खूण ठरते.

## टपालाने पाठवताना

३०० जीएसएमच्या ए-५ कागदाचे वजन सुमारे ९ ग्रॅम भरते. पाकिटाचे चार-पाच ग्रॅम धरल्यास सजावटीसाठी २० ग्रॅमच्या टपालटप्प्यात पाच-सहा ग्रॅमच उरतात. मोती, धातूची फुले किंवा जाड फोम यांमुळे पाकीट वर्गीकरण यंत्रात अडकू शकते. अमेरिकेत चौरस किंवा न वाकणाऱ्या पाकिटांना जादा आकार पडतो.

पत्र कोणाकडे जाणार यावरही साहित्य ठरते. सैनिकांना घरी लिहिण्यासाठी हस्तनिर्मित कोरी पत्रे पुरवणाऱ्या ‘ऑपरेशन राइट होम’ या अमेरिकी उपक्रमात चमकी वापरण्यास मनाई होती, कारण अंगाला चिकटलेले चमकीचे कण सैनिकाचा ठावठिकाणा उघड करू शकतात. लहान मुलांच्या पत्रात सुटे मणी व टिकल्या टाळणे इष्ट असते.

## हक्क व विक्री

ठसा विकत घेतल्याने त्यावरील चित्राचा प्रताधिकार ग्राहकाकडे जात नाही. भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार चित्र ही कलाकृती असून तिचे संरक्षण सामान्यतः कलावंताच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे राहते. अनेक ठसे-उत्पादक ‘एंजल पॉलिसी’ या नावाने ओळखली जाणारी सवलत जाहीर करतात. तीनुसार ठशाने केलेली पत्रे अल्प प्रमाणात विकता येतात. मात्र प्रत्येक छाप हाताने उमटवलेली असावी लागते व चित्राची छायाप्रत किंवा संगणकीय प्रत काढून पत्रे करता येत नाहीत. अटी कंपनीनुसार बदलत असल्याने विक्रीपूर्वी त्या वाचणे आवश्यक असते. साचा तयार मिळालेला असला तरी हाताची प्रत्येक छाप हेच पत्राला ‘हस्तनिर्मित’ ठरवते, हे तत्त्व या सवलतीच्या मुळाशी आहे.

## हेही पहा

* हातकागद
* लिनोकट
* शिळाछाप
* लग्नपत्रिका
* ओरिगामी