स्वेच्छेने पत्करलेली भूक

माणसाला जगण्यासाठी दिवसाकाठी किती अन्न लागते? प्रश्न दिसावयास अगदी साधा आहे. घरातील माणसे मोजून मापाने तांदूळ काढणारी गृहिणी त्याचे उत्तर अनुभवाने देत असते. परंतु हाच प्रश्न एखाद्या राज्यकर्त्यापुढे दुष्काळाच्या रूपाने उभा राहतो, तेव्हा त्याच्या उत्तरावर लक्षावधी जीव अवलंबून असतात. आणि चुकीच्या उत्तराची किंमत उत्तर देणाऱ्याला नव्हे, तर उपाशी माणसाला मोजावी लागते.

दख्खनने ही किंमत एकदा मोजलेली आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात, १८७७ च्या आरंभी, सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दररोज सुमारे एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे एवढ्यावर भागेल असे ठरविले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी याला हरकत घेतली. दिवसभर खडी फोडणारा माणूस एवढ्या अन्नावर तग धरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे मद्रासमध्ये हे प्रमाण वाढविण्यात आले. पण तोवर जो काळ गेला, तो एका प्रयोगाचाच काळ होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. फरक इतकाच, की ज्यांच्या देहावर तो प्रयोग चालला होता, त्यांना कोणी विचारले नव्हते.

यानंतर सदुसष्ट वर्षांनी तोच प्रश्न अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विचारला गेला. दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपातील अनेक प्रदेश उपासमारीने गांजले होते, आणि युद्धानंतर या लोकांना पुन्हा उभे कसे करावयाचे, याचे शास्त्रशुद्ध ज्ञान फारसे कोणापाशी नव्हते. मिनेसोटा विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी हे ज्ञान मिळविण्याचे मनावर घेतले. त्यांची प्रयोगशाळा एखाद्या भव्य विज्ञानमंदिरात नव्हती. विद्यापीठाच्या फुटबॉल क्रीडांगणाच्या प्रेक्षकसज्ज्यांखाली, दक्षिण मनोऱ्याजवळच्या खोल्यांतून ती वसलेली होती.

प्रयोगासाठी माणसे हवी होती, आणि ती मिळाली एका अनपेक्षित ठिकाणी. क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन यांसारख्या शांततावादी ख्रिस्ती पंथांचे, तसेच इतर काही तरुण आपल्या विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती धरण्यास नकार देत होते. अशांना सैन्याऐवजी नागरी सेवेच्या छावण्यांत ठेवले जाई. तेथे त्यांना सरकारी वेतन नव्हते. आपले समवयस्क रणांगणावर मरत असताना आपण सुरक्षित आहोत, ही टोचणी त्यांच्यापैकी अनेकांना होती. कीज यांचे आवाहन छावण्यांत पोहोचताच दोनशेहून अधिक तरुण पुढे आले. त्यांतून शरीराने व मनाने सुदृढ अशा छत्तीस जणांची निवड झाली.

१९ नोव्हेंबर १९४४ रोजी प्रयोगास प्रारंभ झाला. पहिले बारा आठवडे या तरुणांना पुरेसे, म्हणजे दिवसाला बत्तीसशे उष्मांकांहून अधिक अन्न देण्यात आले व त्यांच्या शरीराची बारकाईने मोजमापे घेण्यात आली. १२ फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवड्यांची अर्धउपासमार सुरू झाली. अन्न निम्म्यावर आले. सरासरीने ते दिवसाला सुमारे १५७० उष्मांकांचे होते. दिवसातून दोनच जेवणे, आणि तीही युद्धग्रस्त युरोपात मिळेल अशा पदार्थांची: बटाटे, सलगम, काळसर पाव, मॅकरोनी. याबरोबर आठवड्याला बावीस मैल चालणे आणि प्रयोगशाळेतील नेमून दिलेले काम चालूच होते. प्रत्येकाचे वजन ठरलेल्या गतीने, एकंदरीत सुमारे एकचतुर्थांशाने घटावे अशी योजना होती. दर शुक्रवारी पुढील आठवड्याचे प्रमाण फलकावर लागे. ज्याचे वजन अपेक्षेइतके उतरले नसेल, त्याच्या ताटातील पाव व बटाटे कमी होत. त्या कागदाकडे जाताना तरुणांची छाती धडधडत असे.

चोवीस आठवड्यांत सरासरी वजन ६९ किलोंवरून ५३ किलोंच्या आसपास आले. नाडी मंदावली, पावलांवर सूज आली, केस गळू लागले. ऐन उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी शक्ती खर्च करते, तिच्यात सुमारे चाळीस टक्के घट झाली. तेल संपत आलेल्या दिव्याची वात आपण बारीक करतो, तसे देहाने स्वतःला आवरून घेतले होते.

परंतु खरा धक्का होता तो मनाच्या बदलाचा. हे तरुण सुशिक्षित होते. प्रयोगाच्या काळात विद्यापीठाच्या वर्गांनाही जात होते. युद्धोत्तर जगाची सेवा करण्याची स्वप्ने घेऊन ते आले होते. हळूहळू त्यांचे विद्यापीठातील वर्ग सुटले, चर्चा थांबल्या, थट्टामस्करी लोपली. बोलणे उरले ते फक्त अन्नाचे. काही जण पाककृतींची पुस्तके जमवून ती तासन्‌तास वाचत बसत. कोणी जेवण लांबवावे म्हणून घासागणिक वेळ काढी, तर कोणी ताट चाटून पुसून स्वच्छ करी. काहींनी चोरून खाल्ले. त्यानंतर कोणालाही एकट्याने बाहेर जाऊ न देण्याचा, सोबत्याला बरोबर नेण्याचा नियम करावा लागला. चौघांच्या नोंदी अखेरच्या निष्कर्षांतून वगळाव्या लागल्या. बत्तीस जणांनी उपासमारीचा काळ पुरा केला. एकाने तर पुढील काळात, मनाच्या विलक्षण अवस्थेत, स्वतःच्या हाताची बोटे कुऱ्हाडीने तोडून घेतली. तरीही त्याने प्रयोग सोडला नाही.

२८ जुलैला उपासमार संपली. पण दुःख संपले नाही. पुढील बारा आठवड्यांसाठी चार गट करून त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात वाढीव अन्न देण्यात आले. ज्यांना सर्वांत कमी वाढ मिळाली, त्यांच्यात कित्येक आठवडे सुधारणा दिसेना. अखेर सर्वांचेच प्रमाण वाढवावे लागले. जीवनसत्त्वे व प्रथिने जादा दिल्याने विशेष फरक पडला नाही. उपाशी देहाला प्रथम हवे असते ते भरपूर अन्नच, आणि तेही दिवसाला सुमारे चार हजार उष्मांकांचे, कित्येक महिने, हा कीज यांचा निष्कर्ष होता. उपासमारीने खंगलेल्यांना लोकशाहीचे धडे देता येत नाहीत, अशा आशयाचे मतही त्यांनी मांडले.

या कामगिरीला एक उणीव राहिली. युरोपातील युद्ध मे १९४५ मध्येच थांबले, आणि संपूर्ण वृत्तान्त सांगणारा तेराशेहून अधिक पृष्ठांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९५० साली. मदतकार्य करणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका मात्र १९४६ मध्ये निघाली होती. शिवाय ज्यांवर प्रयोग झाला ते सारे तरुण, निरोगी पुरुष होते. दुष्काळात प्रथम बळी पडतात ती मुले, बाळंतिणी व वृद्ध माणसे; त्यांच्याविषयी या प्रयोगाला अनुमानानेच बोलता येत होते.

नैतिक प्रश्न याहून अवघड आहे. या तरुणांनी होकार दिला होता, हे खरे. पण सैन्य, तुरुंग किंवा छावणी एवढेच पर्याय ज्याच्यासमोर आहेत, त्याचा होकार कितपत मोकळा म्हणावा? आणि भुकेने मन कसे पालटते हे अद्याप कोणालाच ठाऊक नसताना, आपण कशाला होकार देत आहोत, हे त्या तरुणांना तरी कसे कळावे? १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला. त्यात मानवी प्रयोगांसाठी जी दहा तत्त्वे सांगितली गेली, त्यांतील पहिले तत्त्व स्वेच्छेच्या संमतीचे आहे. प्रयोग पुढे चालू ठेवणे अशक्य वाटल्यास त्यातून बाहेर पडण्याचा हक्कही त्यात मान्य केलेला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८० मध्ये आपले धोरण जाहीर केले आणि पुढे २००० व २०१७ मध्ये सविस्तर नियम घालून दिले. आज असा दीर्घ उपासमारीचा प्रयोग कोणतीही नीतिसमिती संमत करील, हे संभवत नाही.

मग त्या छत्तीस जणांचे कष्ट व्यर्थ गेले काय? त्यांच्यापैकी अठरा जणांना उतारवयात, प्रयोगानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, संशोधकांनी गाठले. कष्ट त्यांना आठवत होते. तरीही बहुतेकांना आपल्या निर्णयाचा पश्चात्ताप नव्हता. ते क्रीडांगण १९९२ मध्ये पाडण्यात आले. कीज शंभर वर्षांचे आयुष्य लाभून २००४ मध्ये निवर्तले. प्रयोगाचे निष्कर्ष मात्र आजही उपयोगी पडतात. आहारविकारांवर उपचार करणारे डॉक्टर त्यांचा आधार घेतात.

पण या साऱ्यांतून राज्यकर्त्यांनी घ्यावयाचा धडा १८७७ च्या दुष्काळी कामांकडे परत नेतो. त्या काळी पोटभर मजुरी दिल्यास माणसे आळशी होतील, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटे. खडीच्या ढिगापाशी मान टाकून बसलेल्या मजुराला कामचुकार ठरविणे सोपे होते. मिनेसोटातील सुशिक्षित, ध्येयवादी तरुणही सहा महिन्यांत तसेच मान टाकून बसले. तो आळस नव्हता, स्वभावदोषही नव्हता. ती भूक होती. छत्तीस तरुणांनी आपल्या राजीखुशीने ती साक्ष दिली. दख्खनच्या मजुरांनी तीच साक्ष कोणी न विचारता दिली होती. ती तेव्हा पुरेशी मानली गेली नाही, एवढेच.