बाळाला कसं झोपवावं? एका सल्ल्याचा इतिहास

बाळाला कसं झोपवावं हा प्रश्न घरगुती वाटतो. पण ज्ञान कशाला म्हणावं, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न त्यात दडलेला आहे.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक १९४६ साली आलं आणि घरोघर पोचलं. १९५८च्या आवृत्तीत त्यांनी बाळाला पालथं झोपवायला सुचवलं. कारण काय? तर उताणं बाळ ओकलं, की उलटी घशात अडकून गुदमरेल. पटण्यासारखंच आहे की नाही? स्पॉक आईबापांना धीर देणारे. हेतूत खोट नव्हती. मात्र या तर्काचा पडताळा कुणी घेतला नव्हता.

पुढे न्यूझीलंड, ब्रिटन इथल्या संशोधकांनी झोपेत अचानक दगावलेल्या बाळांची तुलना सुखरूप बाळांशी केली. पालथं झोपवलेल्यांना धोका कितीतरी जास्त निघाला. १९९१ साली ब्रिटनमध्ये आणि १९९४ साली अमेरिकेत बाळाला उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली. असे मृत्यू निम्म्यावर आले, काही ठिकाणी त्याहूनही खाली. वर्षाच्या आतल्या बाळासाठी आजही सल्ला तोच आहे.

आता खरी बोचणारी गोष्ट. २००५ साली झालेल्या एका आढाव्यात दिसलं, की पुरावा १९७०लाच हाताशी होता, फक्त विखुरलेला. तो तेव्हाच एकत्र मांडला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये सुमारे १०,००० बाळं वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे.

म्हणून सल्ला देणारा किती मोठा, किती मायाळू, एवढ्यावर भागत नाही. 'हे कशावरून?' असं विचारायलाच हवं. आजीला, डॉक्टरांना आणि अर्थात माझ्यासारख्या प्राध्यापकालाही.