वाचाउपचार : हक्क कागदावर, केंद्र दूरवर

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर शब्द हरवलेले वृद्ध, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेले रुग्ण, दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली बालके, कर्णबधिर व स्वमग्न मुले, बोलताना अडखळणारे तरुण... वाचाउपचाराची, अर्थात स्पीच थेरपीची गरज असणाऱ्यांची ही यादी मोठी आहे. २०११च्या जनगणनेत देशात वाचादोष असलेल्या सुमारे २० लाख, तर श्रवणदोष असलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली. मात्र उपचार कोणाला मिळणार, हे गरजेपेक्षा गाव, उत्पन्न आणि भाषा यांवरच अधिक ठरते.

कायदा काय सांगतो?

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत श्रवणदोष होता. वाचादोषाला स्वतंत्र स्थान नव्हते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ केली आणि वाचा व भाषाविषयक दिव्यांगत्व त्यात आले. मात्र त्याची व्याख्या शारीरिक वा मज्जासंस्थेच्या विकारातून आलेल्या कायमस्वरूपी दोषापुरती आहे. त्यामुळे उशिरा बोलू लागणारी अनेक मुले त्यात बसत नाहीत. कलम २५ नुसार, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत आरोग्यसेवा देण्याची जबाबदारी शासनावर आहे. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे.

अंतर आणि खर्च

शस्त्रक्रिया एकदा होते. वाचाउपचार मात्र आठवड्यातून एक-दोनदा, महिनोन्‌महिने घ्यावे लागतात. तज्ज्ञ आणि प्रशिक्षण संस्था प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटल्या आहेत. दूरच्या तालुक्यातील कुटुंबाला प्रत्येक फेरीसाठी बसभाडे आणि एका दिवसाची मजुरी मोजावी लागते. परिणामी उपचार अर्ध्यावर सुटतात. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळू शकते. पण त्यानंतर ऐकण्या-बोलण्याचा नियमित सराव झाला नाही, तर महागड्या यंत्राचा पुरेसा उपयोग होत नाही.

भाषेचा अडसर

‘चहा’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’चे उच्चार वेगळे आहेत, हे मराठी न जाणणाऱ्या तज्ज्ञाच्या सहज लक्षात येणार नाही. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. तो बोलीचा धर्म आहे, उच्चारदोष नव्हे. मेळघाटातील कोरकू भाषक मुलाची तपासणी प्रमाण मराठीतील चित्रे व शब्दांनी केली, तर निष्कर्षच चुकण्याचा धोका असतो. म्हणून उपचार रुग्णाच्या घरच्या भाषेत होणे ही सवलत नसून उपचाराची मूलभूत अट आहे.

चौकशी कोठे करावी?

* राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम : २०१३ मध्ये पालघर येथून प्रारंभ. ० ते १८ वयोगटातील मुलांची अंगणवाडी व शाळांत तपासणी होते. तपासण्यांत भाषाविकासातील विलंबाचाही समावेश आहे. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते.

* अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, वांद्रे, मुंबई : वाचा व श्रवण दिव्यांगत्वासाठी १९८३ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था. येथे तपासणी, उपचार व तज्ज्ञांचे प्रशिक्षण होते.

* निरामय आरोग्य विमा : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुदिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण, त्यात थेरपीचाही समावेश आहे. अर्धांगवायूमुळे केवळ वाचा गेलेले रुग्ण मात्र या चार गटांत येत नाहीत.

* तज्ज्ञाची नोंदणी : खासगी उपचार घेताना संबंधित व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे पाहावे.

पालकांनी ध्यानात ठेवावे

दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘बोलेल पुढे’ म्हणून थांबू नये. प्रथम त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी. तपासणी व उपचार सुरू करण्यासाठी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रमाणपत्र पुढेही काढता येते. भाषा शिकण्याची पहिली वर्षे परत येत नाहीत.